दोन गुडघ्यांचं गाव

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'ॐ शांती' आलं की आम्ही इकडची माणसं आधी धास्तावतो आणि मग, खोटं कशाला बोला, जरा सुटल्यासारखं वाटतं. कारण ते बहुतेक वेळा कुणाच्यातरी पुण्यातल्या, साताऱ्यातल्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या आईवडिलांबद्दल असतं. मे महिन्यातल्या त्या सकाळी हॅमिल्टनवर नेहमीसारखं दाट धुकं होतं. मी आमच्या लॅबच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून थर्मास उघडत होते आणि फोनवर एकाखाली एक जोडलेले हात येत होते. कुणाचं कोण गेलं म्हणून मी बोटाने वर वर सरकत गेले... तीसेक शांतींच्या वर एक ओळ होती. टौरंगाचा आपला श्रीकांत आज पहाटे हृदयविकाराने गेला. मी ती ओळ वाचली, फोन पालथा ठेवला आणि चहा ओतून घेतला. प्यायलासुद्धा. माणूस असं का वागतो, देव जाणे.

ही बातमी मला ग्रुपवरून कळावी, हेच आधी टोचलं. कराडला इंजिनिअरिंगला आम्ही चार वर्षं एका वर्गात होतो, पुढे पाठोपाठ या देशात आलो, तीस वर्षांची अरे-तुरेची ओळख. त्याच्या घरून मला फोन यायला हवा होता. तो आला नाही, कारण सहा महिने आमचं बोलणं नव्हतं आणि ते माझ्यामुळेच तुटलं होतं. भरल्या हॉलमध्ये मी त्याची थट्टा केली. त्यानंतर तो आमच्यात येईनासा झाला आणि मी मागायची ती माफी मागितली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच चांगली समजणार नाही.

श्रीकांत टौरंगाच्या किवी फळांच्या पॅकहाउसमध्ये लागणारी यंत्रं बसवायचा. फळ पट्ट्यावरून पळतं, त्याचं वजन होतं, आकार बघितला जातो आणि ते आपापल्या खणात जाऊन पडतं, ते त्याचं काम. किवी इटलीतही पिकतं, हे मला त्याच्यामुळेच कळलं. तिथला हंगाम आपल्या उलट्या टोकाला, म्हणून दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात कंपनी त्याला तिकडे पाठवायची. रोमच्या खाली समुद्राच्या बाजूला एक सपाट, उन्हाने भाजलेला पट्टा आहे, तिथे शेड, शेडजवळ साधंसं हॉटेल आणि दीड महिना यंत्रांचं तेल-ग्रीस. पण त्या पट्ट्याच्या कडेने डोंगर उभे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर जुनी दगडी गावं. "कराडला कुठूनही आगाशिवचा डोंगर दिसायचा ना, तसं तिथे मान वर केली की गाव दिसतं," असं तो सांगायचा. सांगताना त्याचीही मान वर जायची.

त्या गावांची त्याने एक वही केली होती. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानात असते तशी. सुरुवात झाली ती माझ्या सासूसासऱ्यांपासून. ते भारतातून आमच्याकडे येताना वाट वाकडी करून युरोप बघणार होते आणि सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. माझा नवरा विनय काळजीत पडला, तर श्रीकांतने तिकडून फोनवर त्यांचे चार दिवस आखून दिले. कुठल्या गावात गाडी वेशीपर्यंत जाते, कुठे खालीच ठेवावी लागते, कुठे पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा आहे का, टॉयलेट कुठे, दुपारी एकनंतर सगळं बंद होतं म्हणून दशम्या बरोबर ठेवा, साधं दही कुठल्या दुकानात मिळेल... सासूबाई परत येऊन म्हणाल्या, तुमच्या मित्राने मला उचलून फिरवलं असंच वाटलं. मग काय, मंडळातल्या निम्म्या लोकांच्या आईवडिलांची इटली त्या वहीतून झाली.

फळांची प्रतवारी करणारा माणूस, त्याने गावांचीही केली होती. एक गुडघा, दोन गुडघे, तीन गुडघे. स्पेर्लोंगा : समुद्रावरचं पांढरं गाव, बोळ इतके अरुंद की छत्री उघडता येत नाही, पायऱ्याच पायऱ्या, तीन गुडघे. सेर्मोनेता : मोठा किल्ला, दगड गुळगुळीत झालेत, पावसात जाऊ नये, दोन गुडघे. नोर्मा : कड्याच्या अगदी टोकावर, गाडी वर जाते, एक गुडघा, पण चक्कर येणाऱ्यांनी कडेला जाऊ नये. आम्ही वाचून हसायचो, पण जाणारा प्रत्येक जण त्या पानाचा फोटो काढून न्यायचा. आणि आल्यावर सांगायचा की सगळं जसंच्या तसं.

मागच्या जूनमध्ये मुलाला भेटायला आम्ही लंडनला गेलो, तेव्हा पुढे आठवडाभर इटली केली. अर्थात वहीवरून. त्यातल्या एका दोन गुडघ्यांच्या गावाचं पान मला पाठच झालं होतं. वर चर्च आहे, तिथे एक बाक आहे, संध्याकाळी साडेसहाला तिथे बसावं, खालचा सगळा मळा सोनेरी होतो आणि मागे समुद्राची रेघ दिसते. गावाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर उद्या कुणीतरी त्या बाकाचा फोटो पाठवेल आणि मला तो नको आहे. तर आम्ही चढलो. माझेही गुडघे आता काही वीस वर्षांचे नाहीत. धापा टाकत चर्चपाशी पोचलो, तर समोर फरसबंदी, एक कोरडा हौद, दोन मांजरं. बाक नाही. मळा नाही, समुद्र नाही, समोर घरांच्या भिंती. विनय म्हणाला, जरा फिरून बघू. मी म्हटलं, कशाला, नाहीये तर नाहीये, आणि पायरीवर बसून चपला काढल्या. तिथे बसल्या बसल्याच मला थट्टेची ती ओळ सुचली.

दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्याकडे फिशपॉन्ड असतात. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये असायचे तसेच, चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या आणि भरल्या सभेत एकेकाची खेचायची. निवेदन दरवर्षी माझ्याकडे, कारण माझी जीभ चालते असं सगळ्यांचं मत आहे आणि मलाही त्याचा फार अभिमान होता. मी जूनपासून ती ओळ सांभाळून ठेवली होती. श्रीकांतला फोन करून 'अरे, बाक कुठे आहे?' असं साधं विचारता आलं असतं, पण मग चिठ्ठीतली गंमत गेली असती ना! तो आणि मंजिरी, त्याची बायको, कैमाईचा घाट उतरून हॅमिल्टनला आले होते, तिसऱ्या रांगेत फराळाची प्लेट घेऊन बसले होते. मी वाचलं.

इटलीच्या टेकडीवर बाक एक छान,
श्रीकांतलाच दिसतो तो, बाकीच्यांना रान.

हॉल कोसळला. मला थांबता येईना, मी पुढे आणखी म्हणाले की वहीतली उरलेली गावं तरी आहेत का, की तीही घरीच सोफ्यावर बसून वसवली? पुन्हा हशा. श्रीकांतही हसला. उठून पुढे आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "दे ती चिठ्ठी, ठेवतो." घडी करून कुर्त्याच्या खिशात घातली. जेवायला मात्र ते दोघं थांबले नाहीत. घाटात धुकं पडतं म्हणून लवकर निघालो, असा मंजिरीचा मेसेज आला.

संक्रांतीला तो आला नाही. बार्बेक्यूला आला नाही. विनय म्हणाला, तू फोन कर. मी उसळले. एवढ्या तेवढ्या थट्टेने रुसायला हा काय लहान आहे? कॉलेजात याने माझ्यावर काय कमी फिशपॉन्ड टाकले? मार्चमध्ये आम्ही टौरंगाच्या किनाऱ्यावर दिवस घालवला, रबरी जँडल्समधली वाळू झटकत आइस्क्रीम खाल्लं आणि परत निघताना त्याच्या गल्लीच्या तोंडावरून गेलो. विनयने गाडीचा वेग कमी केला, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आता अशा अवतारात कुठे, पुढच्या वेळी जाऊ. त्या वळणावर एक डेअरी आहे. तिच्या दारातला दुधाचा फलकसुद्धा मला आठवतो, इतकी मी तिकडे बघत होते.

अंत्यविधीला आम्ही मागे उभे राहिलो. पॅकहाउसमधले लोक आले होते, कुणी इथल्या रीतीने 'किया ओरा' म्हणून हात हातात घेत होते. माझ्याशी सगळे नीट वागले आणि तेच सहन होईना. तीन आठवड्यांनी मंजिरीचा फोन आला, येऊन जा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती निळी वही होती. त्यांची मुलगी ईशा शेजारी बसली होती. "आय कान्ट रीड इट, मावशी," ती म्हणाली. मराठी तिला कळतं सगळं, वाचता येत नाही. मंजिरीला वाचायची नव्हती. लोकांचे अजून फोन येतात, तेव्हा ही तू ने, असं तिचं म्हणणं. मी दिवाळीचं बोलायला तोंड उघडलं, आणि ती मध्येच म्हणाली, "नीला, तो वर कधी गेलाच नव्हता."

मला कळेना. मग तिने सांगितलं, भाजी निवडत, अगदी सपाट आवाजात. श्रीकांतची आई अकरा वर्षं त्यांच्याकडे होती, त्यातली शेवटची सहा अंथरुणाला खिळून. तो इटलीला गेला की मंजिरीला घर सोडता यायचं नाही. ती इथे सासूची कुशी बदलत असताना आपण एकट्याने तिकडे डोंगरावर हवा खायची हे त्याला पटेना. आधी आपण दोघं जाऊ, मग मी वर चढेन, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. "मी कधी अडवलं नव्हतं गं. जा म्हणायचे. हट्टी होता." आई गेल्या, तोवर कोविडमुळे सीमा बंद झाल्या, मग कामं, मग तिची रजा... या सप्टेंबरची तिकिटं काढली होती. शेडमध्ये पट्ट्यावर फळ निवडणाऱ्या बायका त्या वरच्या गावांतून खाली कामाला येतात. जेवणाच्या सुट्टीत तो त्यांना विचारायचा. तुझ्या गावात पायऱ्या किती, म्हाताऱ्या आईला घेऊन जायचं तर कुठून जाशील, बसशील कुठे. त्या सांगायच्या, हा लिहायचा. सगळी वही त्या बायकांची.

मी आठवू लागले. मी तिथे गेलो होतो, मी पाहिलं, असं त्याच्या तोंडून कधी ऐकलं का? नाही. आम्ही विचारायचो, कसं आहे, तर तो म्हणायचा, छान आहे म्हणतात, जाऊन या. ते 'म्हणतात' आमच्या कानांवरून गेलं. म्हणजे मी माइकवरून जे बोलले ते त्याला नुसती थट्टा वाटलंच नसणार. नीलाला कळलंय, तिने मला पकडलंय आणि आता ती हे चारचौघांत सांगणार, असंच त्याला वाटलं असणार. त्याने रुसून आमच्याकडे यायचं टाकलं नव्हतं, तो माझ्यापासून लपत होता. ज्या माणसाने आमच्या म्हाताऱ्यांना जपून फिरवलं, तो शेवटचे सहा महिने माझ्या तोंडाला घाबरून घरात बसला, आणि मी आइस्क्रीम खाऊन त्याच्या गल्लीवरून निघून आले.

वही मी घरी आल्यावर उघडली नाही. दोन दिवस फ्रीजवर पडून होती. तिसऱ्या दिवशी ते दोन गुडघ्यांचं पान काढलं, तर त्यात माझी चिठ्ठी, चारपदरी घडी, माझं अक्षर. आणि पानावर जुन्या मजकुराखाली वेगळ्या शाईत नवीन ओळी. 'शेडमधल्या आंतोनेल्लाला फोन केला. बाक आहे. चर्चच्या पुढून दिसत नाही. डाव्या हाताच्या बोळातून मागच्या बाजूला जावे, वीस पावले. हे लिहायचे राहिले होते. नीला-विनयला उगाच चढ पडला. माझी चूक.'

वीस पावलं. विनय म्हणाला होता, जरा फिरून बघू. श्रीकांतला हे फोनवर मला सुनावता आलं असतं, हक्काने. पण मग, तुला कसं माहीत, असं मी विचारलं असतंच, आणि त्याला सांगावं लागलं असतं. म्हणून त्याने चूक स्वतःच्या नावावर लिहून टाकली आणि वही मिटून ठेवली.

वही आता फोनशेजारी असते. मागच्या आठवड्यात इथल्याच अल्बनीहून एका मुलीचा फोन आला, आईबाबा वाटेत इटली बघून येणार आहेत, आईचे गुडघे दुखतात, कुणीतरी तुमचा नंबर दिला. मी चष्मा लावून पान काढलं आणि सावकाश वाचून दाखवलं. गाडी कुठे ठेवायची, कठडा कुठल्या बाजूला, दुपारी काय बंद असतं. मग म्हटलं, वर पोचलात की चर्चच्या डाव्या हाताच्या बोळातून मागे जा. तिथे बाक आहे, साडेसहाला आईला त्यावर बसवा. तिने लिहून घेतलं आणि विचारलं, "मावशी, तुम्ही बसला होतात तिथे?"

"नाही," मी म्हटलं. "मी पाहिला नाही. पण आहे."