चिमट्यांवरचं भाषण

कुमुदताई गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. आमच्या क्लबच्या ग्रुपवर त्यांच्या मुलाचा, निखिलचा निरोप आला, ‘आई आज सकाळी गेली.’ त्याच्या खाली लगेच, वरचं न वाचताच, कोणीतरी रविवारच्या सभेची वेळ टाकलेली. मी उठून जिन्यात गेले, एक मजला उतरले, परत चढले, पुन्हा उतरले. रडू आलं नाही. राग आला, आणि तो नेमका कोणाचा तेही कळेना. याला आता महिना होऊन गेला, तरी एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही दोनदा उठून भांडी आवरून आले आहे.

आमचा क्लब बोलण्याचा आहे. कर्वेनगरातल्या एका शाळेच्या वर्गात रविवारी सकाळी आम्ही जमतो. आधी तयारीची भाषणं होतात आणि मग ज्याला सगळे टरकून असतात तो आयत्या वेळच्या विषयांचा भाग. आत येताना प्रत्येकानं एक विषय चिठ्ठीवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकायचा. नाव पुकारलं की पुढं जाऊन चिठ्ठी उचलायची, मोठ्यानं वाचायची आणि दोन मिनिटं बोलायचं. विचार करायला वेळ नाही, चिठ्ठी बदलून मिळत नाही. मागं बसलेला एक जण हिरवा, पिवळा, लाल असे पुठ्ठे दाखवून वेळ सांगतो आणि दुसरा एक जण तुम्ही किती वेळा ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय म्हणतात ते’ म्हणालात ते मोजतो. मी मूळची वाशीमची, राहते वाघोलीला. सुटीच्या दिवशी शहराच्या या टोकापासून त्या टोकाला केवळ बोलायला जाते, हे माझ्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही. पण ऑफिसात काम मी करायचे आणि मीटिंगमध्ये त्यावर बोलायचे दुसरे. माझं तोंड उघडलं की ‘तुम्ही विदर्भातल्या का?’ एवढंच लोक विचारत. म्हणून गेले.

पहिल्या दिवशी मला चिठ्ठी आली ‘छत्री’. मी उभी राहिले आणि उभीच राहिले. पहिल्या बाकावर पांढरी सुती साडी नेसलेल्या एक बाई बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘अहो, बोलायला आलात की उभं राहायला? उभं राहायला बसस्टॉप आहे बाहेर.’ मी इतकी चिडले, की बोलत सुटले. संपल्यावर मोजणाऱ्यानं माझे वऱ्हाडी सवयीचे ‘बाप्पा’ मोजून सांगितले, तेव्हा त्याच बाई उठल्या. ‘तो बाप्पा धरू नका. ती अडखळत नाहीये, श्वास घेतेय.’ त्या कुमुदताई. घरी जाताना त्यांनी मला थांबवलं आणि एकदम अरेतुरेवर आल्या. ‘पुढच्या रविवारी ये. आज तू पुणेरी बोलायला बघत होतीस, ते काही जमत नाहीये तुला. तुझं तू बोल.’ पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली, पण ‘तुझं तू बोल’ असं मला त्याआधी कोणी म्हणालं नव्हतं.

कुमुदताई कोर्टात लघुलेखक होत्या. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या तोंडचं शब्दन्‌शब्द उतरवून घेण्यात गेली. ‘साहेब खोकले तरी पेन हलायचं माझं,’ म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर क्लबात येऊन नाव घातलं. तयारीचं भाषण त्यांनी कधीही केलं नाही. त्यांना फक्त डब्यातली चिठ्ठी हवी असायची. ठरवून बोलायला मला काय मतं मागायचीत का, असं विचारायच्या. ‘गिरणीत दळण’ म्हणा, ‘हरवलेली किल्ली’ म्हणा, नाहीतर ‘लोकशाही’ म्हणा, बाई बोलायला लागल्या की पुठ्ठे दाखवणाराही पुठ्ठे विसरायचा. त्यांच्या बोलण्यात शेवट कुठं येईल याचा पत्ता नसायचा, त्यांनाही नसायचा… तीच तर मजा होती.

मग त्यांचा आवाज बसला. खोकला असेल, हवा असेल, असं करत करत शेवटी तपासण्या झाल्या आणि स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. म्हणजे आवाज जाणार, कायमचा. हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेही इतकं सरळ, की ‘अरे बापरे’ म्हणायलाही कोणाला सुचलं नाही. ऑपरेशनच्या आधी एकच रविवार उरला होता, आणि त्या म्हणाल्या, ‘त्या दिवशी चिठ्ठी पहिली माझी.’

आता आमचे अध्यक्ष देशमुख सर. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, मनानं लोण्यासारखे. त्यांना वाटलं, बाईंचं आयुष्यातलं शेवटचं भाषण, त्यांना ‘प्लास्टिकची बादली’ वगैरे आलं तर? तेव्हा त्यांनी त्या दिवशी आमच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि डब्यात सगळ्या आपल्या हातानं लिहिलेल्या टाकल्या. सगळ्यांवर एकच शब्द, ‘कृतज्ञता’. वर आदल्या संध्याकाळी फोन करून, ‘कृतज्ञता या भावनेचा जरा विचार करून ठेवा हं,’ असं सुचवूनही ठेवलं. चांगुलपणातून इतका मोठा घोळ फक्त आमच्याच क्लबात होऊ शकतो.

कुमुदताईंनी चिठ्ठी उचलली, वाचली, घडी घालून ठेवली. दुसरी उचलली. मग तिसरी. मग डबाच टेबलावर उपडा केला आणि एकेक चिठ्ठी उघडून मांडायला लागल्या.  ‘देशमुख,’ त्या म्हणाल्या, आवाज तेव्हा जवळजवळ खरखरच उरला होता, ‘मी अजून जिवंत आहे. तेराव्याचा बेत आत्ताच ठरवलात?’ सर उभे राहिले, काहीतरी म्हणायला लागले. ‘बसा. मला पाठ केलेलं बोलायचं असतं तर घरीच आरशासमोर बोलले असते.’ मग माझ्याकडे वळल्या. ‘वर्षा, विषय दे. आत्ता.’ माझं डोकं रिकामं. मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या सोसायटीच्या गॅलरीत दोरीवर नुसते चिमटे होते, कपडे काढून नेलेले. ‘चिमटे,’ मी म्हणाले. ‘कपड्यांचे.’

देशमुख सरांनी फोन वर धरला, रेकॉर्ड करायला. ‘तो खाली ठेवा. लोणचं घालायचंय का माझ्या बोलण्याचं?’ असं म्हणून त्या बोलायला लागल्या, त्याच फाटक्या आवाजात. पहिल्या वाक्याला लोक हसले आणि शेवटाकडे माझ्या शेजारच्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. लाल पुठ्ठा वर गेलाच नाही.

ऑपरेशननंतर निखिलनं त्यांना हडपसरला आपल्या घरी नेलं. माझं ऑफिस तिथून जवळ, म्हणून संध्याकाळी जाता जाता मी डोकावायचे. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, पण ‘स्टेशनवरच्या घोषणेसारखं वाटतं’ असं फोनवर टाइप करून त्यांनी ते कपाटात टाकलं. मी बडबडायचे, त्या ऐकायच्या, मधूनच फोन माझ्यापुढं धरायच्या. ‘मुद्द्यावर ये.’ एवढंच लिहिलेलं असायचं त्यावर. मला वाटायचं, बाईंनी बोलणं सोडलं. त्यांच्यासमोर बोलताना मला फार अपराधी वाटायचं आणि न बोलता बसणं तर त्याहून अशक्य. नंतर दुखणं उलटलं.

शोकसभाही आम्ही त्याच वर्गात घेतली. निखिल आला होता. सवयीनं कोणीतरी पुठ्ठे घेऊन मागं बसलं होतं, आणि निखिल बोलायला उभा राहिल्यावर थोड्या वेळानं चक्क पिवळा पुठ्ठा वर गेला. शेजारच्यानं झटकन त्याचा हात खाली ओढला, पण निखिलनं पाहिलं होतं. तो थबकला, ‘आईबद्दल एवढंच,’ म्हणाला आणि बसला. मी लाजेनं अर्धी झाले. पण त्यानंतर जो तो ‘त्यांचं ते शेवटचं भाषण’ म्हणत राहिला आणि निखिलचा चेहरा बदलत गेला. सभा संपल्यावर तो माझ्यापाशी आला. ‘वर्षाताई, कुठलं भाषण? ती मला काहीच बोलली नव्हती. काय म्हणाली आई?’

मी म्हटलं, येते घरी, सांगते. आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली, कारण मला ते धड आठवेना. सूर आठवतो, त्यांचा वर गेलेला हात आठवतो, शब्द हातात येत नाहीत. देशमुख सरांना फोन केला, ते म्हणाले, प्लास्टिकचे चिमटे उन्हानं कसे तुटतात त्यावर होतं सगळं. वर्गात माझ्या शेजारी बसलेल्या त्या बाई म्हणाल्या, छे, माहेरच्या अंगणाबद्दल होतं. मी भांडले त्यांच्याशी. कपडे वाळत घालताना मोठ्यानं ‘चिमटे’ म्हणून बघितलं, नवरा घाबरून बाहेर आला. एका माणसाला त्याच्या आईचं बोलणं नेऊन द्यायचं आहे आणि ते आपल्यापाशी नाही, वर त्या बाईंनीच ते कोणाला ठेवू दिलं नाही… कुमुदताईंवर इतकी चिडले मी, की त्या असत्या तर हसल्या असत्या.

शेवटी होतं तेवढं घेऊन हडपसरला गेले. निखिलला सांगितलं, मला एवढंच आठवतं : तुमचे बाबा कपडे वाळत घालताना दोन कपड्यांची टोकं एकत्र करून मध्ये एकच चिमटा लावायचे, काटकसर म्हणून. आई म्हणायच्या, प्रत्येक कपड्याला त्याचे दोन हवेत. जन्मभर यावरून वाद. बाबा गेल्यावर घरात चिमटेच चिमटे झाले, आणि एक दिवस आईंच्या लक्षात आलं, की आपणही दोन कपड्यांत एकच लावतोय.

 निखिल म्हणाला, ‘बाबांनी कधी कपडे वाळत घातलेच नाहीत.’

‘म्हणजे?’

‘कधीच नाही. दोरी कुठे आहे हेही त्यांना माहीत नसेल.’ आणि तो हसायला लागला. मीही. शेवटच्या भाषणात बाईंनी आम्हा सगळ्यांना रडवून शुद्ध थाप मारली होती! हसता हसता त्याचे डोळे भरले आणि तो गॅलरीकडे बघत राहिला. तिथं एक वेताची खुर्ची होती, रस्त्याकडे पाठ करून ठेवलेली.

‘दुपारी ती तिथं बसायची,’ तो म्हणाला. ‘मी इथं टेबलाशी लॅपटॉप घेऊन. पेपर उघडायची, डोळे मिटून कुठंतरी बोट टेकवायची, काय आलंय ते बघायची आणि मग पेपर बाजूला ठेवून नुसते ओठ हलवायची. मला वाटायचं, जप करतेय. पण मध्येच हात असा करायची…’

त्यानं हात वर केला, बोटं किंचित पसरून. मी खुर्चीतून उठलेच. ‘रोज?’

‘रोज. अगदी शेवटी पडून राहायला लागली तोपर्यंत. मी म्हणायचो, आई, गॅलरीत बसून रस्त्याकडे पाठ कसली करतेस, जरा रहदारी बघ. ऐकायची नाही.’

‘आणि संपल्यावर?’

‘संपल्यावर थांबायची. माझ्याकडे बघत. चांगली बघत राहायची.’

आमच्या क्लबात बोलणारा माणूस बोलून झाल्यावर लगेच जागेवर जात नाही, टाळ्या होईपर्यंत तिथंच थांबतो. हे त्याला सांगावं की नाही, मला ठरवता येईना. खोलीतल्या खोलीत एक फेरी मारली, खिडकीपाशी गेले, परत आले. मग सांगितलं.

निखिल उठून त्या खुर्चीपाशी गेला.

‘आणि ती अशी थांबली, की मी तिला विचारायचो,’ तो म्हणाला, ‘आई, चहा टाकू का?’