वाटेचा मोबदला

केसरीनाथ भोईर माझ्या क्लासच्या दारात उभे राहिले तेव्हा मला वाटलं, नातीची चौकशी करायला आलेत. पांढरा सदरा, गळ्यात बोटाएवढी जाड साखळी, हातात गळकी पिशवी. पिशवीत चिंबोऱ्या होत्या, खाडीतले खेकडे. त्या माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "मॅडम, मना इंग्रजी शिकवा. जास्त नको. सौदा करायपुरती."

भिवंडीत एका मेडिकलच्या वरच्या खोलीत मी इंग्रजी बोलायला शिकवते. माझ्याकडे येतात त्या गोदामांत बिलिंग करणाऱ्या मुली आणि लूमवाल्यांची पोरं. पूर्णा गावात दोन गोदामांची जमीन असलेला, साठीला टेकलेला माणूस त्यांच्यात बाकावर बसणार, हे काही मला पटेना. शिवाय मी फी रोख घेते, चिंबोऱ्यांत नाही. तसं तोंडावर सांगितलंही. त्यांनी फी भरली आणि चिंबोऱ्याही तिथेच ठेवल्या. त्या मी घरी नेल्या, खोटं कशाला बोलू.

त्यांची अडचण साधी होती. गोदामाच्या कंपनीचा करार संपत आला होता आणि नव्या करारात कंपनीला दोन गोदामांमधली पायवाट हवी होती, कारण मोठे कंटेनर वळायला जागा पुरत नव्हती. ती वाट खाडीकाठच्या जुन्या कबरस्तानात जाते. तिथे आता नवीन कोणाला पुरत नाहीत. थोड्या कबरी आहेत आणि त्यांतली शेवटची हबीबाची. हबीबा म्हणजे केसरीनाथांच्या बालमित्राची, महमूदची बायको. महमूद दर शुक्रवारी नमाजानंतर त्या वाटेने जातात, तिच्यासाठी फातिहाची प्रार्थना पढतात आणि परतताना केसरीनाथांच्या ओटीवर चहा घेतात. वाटेचा कागद नाही. केसरीनाथांच्या वडलांनी महमूदच्या वडलांना तोंडी दिलेली ती वाट, आणि दिल्या शब्दापासून त्या घरात कोणी मागे हटलेलं नाही.

"मग नाही म्हणून सांगा की," मी म्हटलं. "त्याला इंग्रजी कशाला?"

"सांगितला ना, दोनदा! कंपनीची बाई चेन्नईची. हिंदी तिला जेमतेम. मधी आमचा विपुल. मी सांगतो वाट देनार न्हाय, तो तिला काय सांगतो देव जाने, बाई भाडा वाढवते."

विपुल त्यांचा भाचा, धंद्याने जमिनीचा दलाल. दलालाच्या कानाला 'नाही' हे 'अजून थोडं द्या' असंच ऐकू येतं. त्याचा तरी काय दोष म्हणा.

तर मी त्यांना देवाणघेवाणीची इंग्रजी शिकवायला घेतली. एक वस्तू देऊन दुसरी घेतली की 'इन एक्स्चेंज फॉर'. कोणी आपलं काही केलं आणि त्याची परतफेड केली की 'इन रिटर्न फॉर'. एकाच्या जागी दुसरं दिलं, म्हणजे सुट्टीऐवजी पगार, तर 'इन लू ऑफ'. सगळ्यांनी वाक्यं करून आणायची होती. केसरीनाथ उठले आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाले की मी बहीण देऊन बायको घेतली, इन एक्स्चेंज फॉर. मुली फिदीफिदी हसल्या. मी चिडले. "काका, चेष्टा नको. खरं काहीतरी सांगा."

"खराच हाय, मॅडम. आमचा साटालोटा झाला. माझी बहीन बायकोच्या भावाला दिली, त्याची बहीन मी केली. विपुल त्यांचाच पोर."

वाक्य बरोबर होतं. मी मुकाट्याने पुढच्या मुलीला उठवलं.

काही दिवसांनी वर्ग सुटल्यावर ते मागे थांबले. "मॅडम, तुमच्या या सगल्या शब्दांना तराजू हाय. इकडं टाकला की तिकडं पायजे. आमच्या वाटेला दुसरा पारडाच न्हाय. मंग काय बोलायचा?"

मी म्हटलं, 'फॉर फ्री' म्हणा. त्याचा अर्थ ऐकताच ते दुखावले. "फुकट? फुकट म्हनजे ज्याला किंमत न्हाय ते."

मग मी त्यांना हेतूचे शब्द दिले. कामासाठी असेल तर 'फॉर द पर्पज ऑफ'. कोणाच्या भल्यासाठी, मायेपोटी, मनाला वाटतं म्हणून केलं असेल तर 'फॉर द सेक ऑफ'.

"म्हनजे खातर?"

"हो, खातर."

"मंग आधीच सांगायचा ना," असं मलाच दटावून ते जिना उतरले. खालच्या मेडिकलवाल्यापर्यंत ते घोकणं ऐकू येत होतं.

कराराच्या बैठकीला त्यांनी मला सोबत नेलं. मी बोलायचं नाही, नुसतं बसायचं, त्यांना धीर म्हणून. गोदामाच्या काचेच्या केबिनमध्ये ती बाई, विपुल आणि आम्ही दोघं. केसरीनाथ उभे राहूनच बोलले, शाळेत कविता म्हणतात तसे. भाड्याच्या बदल्यात वाट देणार नाही. वाट महमूदच्या खातर आहे. इंग्रजी मोडकीतोडकी होती, पण त्यांना काय सांगायचं होतं ते बाईला नेमकं कळलं. माझ्या स्वतःच्या मुलाखतीलाही मी इतकी घाबरले नव्हते. विपुल मध्ये तोंड घालणार तोच त्यांनी नुसता हात वर केला.

बाई वाईट नव्हती. तिने शांतपणे ऐकलं आणि त्यांना समजेल असं सावकाश सांगितलं: कंटेनर वळला नाही तर कंपनी करार करणार नाही, गोदामं रिकामी होतील. मग खरोखरच नवल वाटून तिने विचारलं, हे महमूद तुम्हाला काही देतात का? वाटेच्या बदल्यात तुम्हाला काय मिळतं?

या प्रश्नाची तयारी मी करून घेतली नव्हती. केसरीनाथांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"फ्रायडे," ते म्हणाले. "ही कम्स. टी."

केसरीनाथ भिंतीवरच्या नकाशापाशी गेले आणि गोदामांच्या दुसऱ्या अंगाला त्यांनी बोट टेकवलं. तिथे कंटेनर वळेल एवढं त्यांचं खळं होतं, राहत्या घराला लागून. त्यात मुलाच्या, कुणालच्या बंगल्याचा पाया खणून झाला होता.

"टेक धिस. इन लू ऑफ रोड."

"मामा!" विपुल किंचाळलाच. "कुणालच्या बंगल्याची जागा हाय ती!"

"कुणालला जुन्या घरावर मजला चढवता येल. महमूदला उडता येत न्हाय."

करार झाला. कुणाल आठवडाभर बापाशी बोलला नाही, ते एक वेळ चाललं. पण बातमी महमूदच्या कानावर गेली आणि ते त्याच संध्याकाळी आले. ओटीवर चढले नाहीत, खालूनच म्हणाले, "केसरी, मना इचारलास? पोराच्या घराचा पाया बुजवून मी फातिहा पढू? एवढा मोठा एहसान मी फेडू कसा?" आणि निघून गेले. त्या शुक्रवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही.

"वाट ऱ्हायली, मॅडम, मानूस गेला," केसरीनाथ मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि दोघांचा रागही आला. म्हातारपणी माणसं मुलांपेक्षा हट्टी होतात.

त्यानंतरच्या शुक्रवारी केसरीनाथांनी मला जेवायला बोलावलं होतं. नमाजाची वेळ टळून गेली तरी महमूद दिसले नाहीत. केसरीनाथ अर्ध्या ताटावरून उठले, खराटा घेतला, बादली भरली आणि वाटेला लागले. मीही मागोमाग गेले. हबीबाच्या कबरीवर गवत माजलं होतं. केसरीनाथांनी चपला बाहेर काढल्या, पाला झाडला, मग मांडी घालून गवत उपटायला बसले. पुढे काय करायचं असतं, ते त्यांना ठाऊक नसावं. थोड्या वेळाने ते कबरीशीच बोलले, "वैनी, तो रुसलाय. म्हनून मी आलो."

गोदामाच्या वॉचमनने फोन केला की काय कोण जाणे, पण वाटेवर पावलं वाजली. महमूद धापा टाकत आले, टोपी वाकडी झालेली. गवत धरलेला मित्राचा हात त्यांनी पाहिला आणि चपला काढल्या.

"सरक," ते म्हणाले. "बायको माझी हाय."

केसरीनाथ सरकले, पण उठले नाहीत. महमूद त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनी फातिहासाठी दोन्ही हात पसरले.