ताईचे सासरे आणि ‘गाणे’ हा शब्द

सबंध मध्यप्रांतात माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका गाण्याचा विचार करणारा आणि गाणं न ऐकणारा दुसरा माणूस झाला नसेल. ते शाळेत संस्कृत शिकवत, म्हणजे वर्गभर चालत असत. पायाला भिंगरीच. जेवतानाही अर्ध्या भाकरीवरून उठून कोशात काहीतरी पाहून येत. त्यांना ‘गाणे’ या शब्दाचं मूळ हवं होतं. संस्कृतातला ‘गै’ धातू त्यांच्या वर्गातल्या पोरांनाही पाठ होता, पण तेवढ्यावर यांचं समाधान होईना. “हा शब्दाचा पत्ता झाला,” ते म्हणत, “माणसाच्या गळ्यात तो आला कुठून, ते सांगा.” त्यापायी त्यांनी इतवारीच्या बाजारातल्या हमालांना पाठीवर पोतं असताना थांबवलं. एका लग्नात हळदीचं गाणं मध्येच तोडून बायकांना अर्थ विचारला. तेव्हापासून हळदीचं बोलावणं त्यांना वगळून जाऊ लागलं. मला त्यांचा राग येई आणि हसूही येई.

खरी झळ बसली ती ताईच्या सासूबाईंना. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा त्या जात्यावर ओव्या म्हणत. हे दर ओवीला वही घेऊन उंबऱ्यात हजर. हा शब्द कुठला, तुझ्या माहेरी असाच म्हणतात का? बिचारीनं वर्षभर उत्तरं दिली, मग ती मुक्यानंच दळू लागली. ताईनं तर सासूबाईंचा गळा कधी ऐकलाच नव्हता.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर कोष्ट्यांच्या गल्लीतून जात होतो. एक म्हातारी रहाटावर सुताच्या कांड्या भरत गात होती. यांनी लगेच विचारलं, या गाण्याला तुम्ही काय म्हणता?

“गाणं काहाचं, गुरुजी? मी तं कांड्या भरून राहिली,” ती म्हणाली. “तुमी इचारता तं हात थांबते, अन् हात थांबला का ते बी थांबते.”

हे जागच्या जागी उभे राहिले. मग मला विचारलं, घरात दळताना आमची ही कधीपासून गप्प असते? ताईनं सांगितलं होतं तेवढं मी सांगितलं. ते जवळजवळ पळतच घरी गेले, मी मागोमाग. सासूबाई दळत होत्या. हे जात्याजवळ मांडी घालून बसले.

“तू म्हण वं. मी काहीच विचारत नाही.”

सासूबाईंनी हात न थांबवता त्यांच्याकडे पाहिलं. “आता आठवत नाही मले,” त्या म्हणाल्या.

तरी ते उठले नाहीत. दळण सरेपर्यंत बसून होते, आणि त्या माणसाला इतका वेळ एका जागी बसलेलं पाहून मला फार वाईट वाटलं.