जांभळ्या ट्यूबमधले पाच थेंब

वाघोलीहून एक काका त्यांची कुत्री घेऊन दवाखान्यात आले, तेव्हा मला तिथे लागून अडीच महिने झाले होते. "तीन महिने काम बघू, मग ठरवू," असं डॉक्टरांनी मला घेतानाच सांगितलं होतं. दवाखाना प्राण्यांचा, विश्रांतवाडीतला. पुढे तपासायची खोली आणि मागे लॅब. लॅब म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणारं एक मशीन, साखर-कॅल्शियम वगैरे मोजणारं दुसरं, ट्यूब गरगर फिरवून रक्त वेगळं करणारं एक सेंट्रिफ्यूज, एक फ्रिज आणि मी.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील गावच्या दूध संस्थेत कामाला होते. कॅन आला की त्यातलं दूध ढवळायचं, मापाने नमुना घ्यायचा आणि फॅट बघायच्या मशीनला लावायचा, हे त्यांचं रोजचं काम. शाळा तालुक्याच्या गावी झाली, बी.एस्सी. जिल्ह्याला, आणि लॅबचा डिप्लोमा पुण्यात. तो करताना ज्या मावशींनी मला त्यांच्या घरातला एक कोपरा राहायला दिला आणि ज्या बाईंनी स्वतःची पुस्तकं वापरायला दिली, त्यांची आठवण मला अजून आठवड्यातून एकदा तरी येते. नोकरी माणसांच्या लॅबमध्ये मिळेल असं वाटलं होतं. मिळाली कुत्र्यामांजरांच्या. मी मागेपुढे पाहिलं नाही. रक्त ते रक्त, असं मला वाटलं.

ते तसं नव्हतं. माणूस हात पुढे करून बसतो. कुत्र्याला एकाने धरावं लागतं, दुसऱ्याने पुढच्या पायाची शीर दाबावी लागते आणि तिसऱ्याने सिरिंजने रक्त काढावं लागतं. शिवाय कुत्र्याचं रक्त लवकर गोठतं. सिरिंजमध्येच गुठळी होईल या भीतीने मी एक सवय लावून घेतली होती: आधी जांभळ्या झाकणाची ट्यूब भरायची, मग लाल. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं औषध असतं, त्यात पेशी मोजायचं रक्त जातं. लाल ट्यूब साधी. तिच्यात रक्त गोठतं, वर पिवळसर पाणी सुटतं, आणि कॅल्शियम त्या पाण्यात मोजतात.

काका पन्नाशीचे. त्यांच्या शेतावर आता सोसायटी उभी होती आणि त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये ते चौथ्या मजल्यावर राहत होते. कुत्री शेतावरची, गावठी, तांबूस रंगाची, नऊ-दहा वर्षांची. गेले तीन आठवडे ती पाणी पीत सुटली होती.

"बादली रिकामी करती वो," काका टेबलाशी उभे राहून डॉक्टर सरांना सांगत होते. "आन् मग लिफ्टमधी सोडती. सोसायटीवाल्यांनी कागद दिलाय मला. म्हंत्यात, कुत्र्याचा बंदोबस्त करा. ज्यांच्या जिन्याखाली माझा गोठा हुता, त्ये मला सांगत्यात बंदोबस्त करा!"

"खाते का?" सरांनी विचारलं.

"दोन दिस झालं, तोंड लावलं न्हाई. पोरगं म्हंतं, सोडून देऊ कुठं तरी. म्हनलं, आधी तुला सोडतो."

सरांनी पोट चाचपलं, हिरड्या बघितल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पेशी, किडनी, साखर, पोटॅशियम, कॅल्शियम. कॅल्शियम मला विशेष बघायचंय."

मी रक्त काढायला घेतलं. अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे तिच्या शिरा बसल्या होत्या, बोटाखालून निसटत होत्या. दुसऱ्यांदा टोचल्यावर रक्त आलं तेही संथ, जेमतेम दोन मिली. ती कण्हली तसे काका म्हणाले, "बास ताई. आता अजून टोचू नका तिला." मी मान हलवली आणि सिरिंज घेऊन मागे आले.

घाईत जांभळ्या ट्यूबमध्ये जास्त रक्त गेलं, रेघेच्या वर. लाल ट्यूबमध्ये थोडं कमी पडलं. पाणी पुरेसं सुटलं नाही तर मशीन तपासणी अर्धवट सोडतं, हे मला माहीत होतं. पुन्हा टोचायचं नाही, हे मी नुकतंच कबूल केलं होतं. मग मी जे केलं ते मला त्या क्षणी अगदी शहाणपणाचं वाटलं. जांभळी ट्यूब दोनदा उलटीसुलटी हलवली, झाकण काढलं आणि रेघेवरचे चार-पाच थेंब लाल ट्यूबमध्ये ओतले. दोन्हीकडे हवं तेवढं झालं. जनावराचं रक्त वाया गेलं नाही, त्याला पुन्हा दुखलं नाही. मला स्वतःचं कौतुकही वाटलं असेल.

लाल ट्यूबमधलं रक्त नीट गोठलं. सेंट्रिफ्यूज फिरलं, वर स्वच्छ पाणी आलं. मशीनने आकडे दिले. कॅल्शियम ठीक, पोटॅशियम बरंच वर. मी कागद छापून सरांच्या हातात दिला.

सरांनी कागद दोनदा वाचला. "मला कॅल्शियम चढलेलं वाटत होतं," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "ते तर ठीक आहे. म्हणजे गाठीबिठीचा संशय सोडायला हरकत नाही. पोटॅशियम मात्र चढलंय. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी थकल्या असाव्यात." मग काकांकडे बघून म्हणाले, "आज सलाइन लावू आणि स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देऊ. उद्यापर्यंत जरा तरतरी येईल."

"येईल ना?" काकांचा चेहरा सैल झाला.

सरांनी कपाट उघडलं. मी दारात उभी होते आणि पोटॅशियम हा शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला होता. जांभळ्या ट्यूबमधलं औषध काय असतं? पोटॅशियमचं मीठ. ते रक्त गोठू देत नाही, ते कसं? कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून. हा प्रश्न मला डिप्लोमाच्या परीक्षेत आला होता. जांभळ्यातलं रक्त साध्या ट्यूबमध्ये गेलं तर कॅल्शियम खोटं कमी आणि पोटॅशियम खोटं जास्त दिसतं. म्हणून साधी ट्यूब आधी भरावी. मी उत्तर चांगलं लिहिलं होतं, पैकीच्या पैकी मार्क होते. पण ते उत्तर वहीतून हातापर्यंत पोचलं नव्हतं.

आणि मग त्याहून वाईट गोष्ट लक्षात आली. कॅल्शियम अगदीच कमी आलं असतं तर सरांनी लगेच विचारलं असतं. ते ठीक आलं होतं. खोटं कमी होऊन ठीक आलं होतं. म्हणजे खरं कॅल्शियम कुठेतरी वर होतं, सरांना वाटलं होतं तसंच, आणि माझ्या पाच थेंबांनी ते खाली ओढून झाकून टाकलं होतं.

सर इंजेक्शन भरत होते. मला माझा तिसरा महिना दिसत होता. मी गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं, हेही मला तेव्हा नीट दिसलं होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

"सर, थांबा. तो रिपोर्ट खोटा आहे."

सर थांबले. मी त्यांना मागे बोलावलं आणि काय केलं ते सांगितलं, शेवटच्या थेंबापर्यंत. त्यांनी सिरिंजवर टोपण बसवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पोटॅशियम खरंच एवढं असतं तर ती कुत्री चालत आली नसती, हे माझ्या लक्षात यायलाच हवं होतं," ते म्हणाले. "तुम्ही रक्त ओतलंत आणि मी डोकं बाजूला ठेवलं. हे इंजेक्शन दिलं असतं तर दोन-चार दिवस ती टवटवीत दिसली असती. कॅल्शियमही उतरलं असतं. आणि खरं दुखणं काय ते शोधायची सोय गेली असती."

"चुकलं, सर."

"ते कळलं. आता बाहेर जा आणि पुन्हा का टोचायचं, ते त्यांना तुम्हीच समजावून सांगा. मी कशाला सांगू? थेंब माझे नव्हते."

काका कुत्रीच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. मी म्हटलं, "काका, परत रक्त घ्यावं लागेल. माझी चूक झाली."

"म्हंजी?" त्यांचा हात थांबला. "शिकल्यालं मानूस ना तुमी? आत्ता तर सांगितलं, उद्यापत्तूर तरतरी यील म्हनून."

औषध, मीठ, कॅल्शियम हे सगळं मी सांगायला लागले आणि त्यांच्या डोळ्यांत काहीच उतरत नाही हे बघून थांबले. मग विचारलं, "काका, तुम्ही डेअरीला दूध घालत होता?"

"वीस वर्सं."

"कॅन न ढवळता वरवरचं दूध फॅटला लावलं तर?"

"आकडा लबाड येतो. वरती साय असती ना."

"दूध तेच, मशीन पण चांगलं. तरी आकडा लबाड. मी तसंच केलं. नमुना चुकीचा घेतला. तिच्या अंगात काय आहे, ते त्या कागदावर नाहीये."

काकांनी मान डोलावली. म्हणाले, "आमच्या डेअरीत यक जन मुद्दाम न ढवळता घ्यायचा. तुमी निदान सांगितलं तरी." आणि कुत्रीचं तोंड त्यांनी स्वतःच्या काखेत घेतलं. "घ्या. पन ह्या टायमाला नीट."

मी दुसऱ्या पायाची शीर घेतली. ती फार वेळ दाबून ठेवली नाही. नवी सुई, नवी सिरिंज. आधी लाल ट्यूब, रक्त तिच्या काचेवरून हळूहळू सोडलं. जांभळी सगळ्यात शेवटी, तीही रेघेपर्यंतच, आणि सिरिंजचं टोक तिच्या कडेला टेकू दिलं नाही.

या खेपेला पोटॅशियम ठीक आलं आणि कॅल्शियम खूप वर. सरांनी आकडा वाचला आणि कपाटातून हातमोजा काढला. "कुत्रीत एवढं कॅल्शियम म्हणजे हातमोजा घालायचा हुकूम असतो," ते म्हणाले. त्यांनी शेपटीखाली बोट घालून तपासलं. गुदद्वाराच्या डाव्या बाजूच्या ग्रंथीत वाटाण्याहून थोडी मोठी, टणक गाठ लागली. बाहेरून तिचा मागमूस नव्हता. अशा गाठीतून असं काहीतरी रक्तात सुटतं की कॅल्शियम चढत जातं, त्याने तहान लागते आणि पुढे किडनीवर जातं.

संध्याकाळी सरांनी आणखी एक नमुना मागितला, रक्तातलं मोकळं कॅल्शियम मोजायला. तो मोठ्या लॅबला पाठवायचा होता. त्यात हवेचा बुडबुडा राहिला तरी आकडा हलतो, म्हणून बुडबुडा काढून, टोक घट्ट बंद करून, बर्फात ठेवून द्यायचा असतो. सरांनी तो मला काढायला सांगितला. शेजारी उभे राहिले नाहीत, पुढच्या खोलीत पेशंट बघत बसले. त्या एका गोष्टीबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन. तोही आकडा वरच आला.

सलाइनवर ठेवून कॅल्शियम थोडं उतरवलं आणि चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. गाठ अख्खी निघाली. सोनोग्राफीत पोटात कुठे पसरल्याचं दिसलं नाही. गाठ पुन्हा येऊ शकते, हे सरांनी काकांना स्पष्ट सांगितलं. काका म्हणाले, "येईल तवा बघू. आज तर गेली ना?"

तिसरा महिना संपला. सरांनी काही ठरवल्याचं सांगितलं नाही. फक्त पुढच्या महिन्याच्या सामानाची यादी माझ्यासमोर ठेवून, काय कमी आहे ते लिहा, म्हणाले. मी पहिल्या ओळीत लहान मापाच्या जांभळ्या ट्यूब लिहिल्या. मशीनवर एक कागद चिकटवला: साधी आधी, जांभळी शेवटी, एकीतलं दुसरीत कधीही नाही. कमी पडलं तर पुन्हा टोचायचं आणि धन्याला कारण सांगायचं. शंका आली की आकड्यावर वाद घालण्याआधी रक्त कसं काढलं ते विचारायचं. हे मी आज कुणालाही ठामपणे सांगते. समोर डॉक्टर असले तरी सांगते.

ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी काका कुत्रीला घेऊन आले. केस काढलेल्या जागी बारीक लव उगवली होती. पाणी पूर्वीसारखं पिते, रात्री उठवत नाही, म्हणाले. सोसायटीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्या दिवशीचा आकडा महत्त्वाचा होता. गाठ काढल्यावर कॅल्शियम कधी कधी उलट फार खाली घसरतं, आणि वर राहिलं तर गाठ कुठेतरी उरली असं समजायचं. दोन्हीकडे धोका होता.

मी रक्त काढलं, तपासलं. कॅल्शियम मधोमध होतं. पोटॅशियमही जिथे असायला हवं तिथेच. सरांनी कागद बघितला, काही न विचारता सही केली आणि म्हणाले, "द्या त्यांना."

काकांनी कागद हातात घेतला. तो इंग्रजीत होता. त्यांनी तो जरा लांब धरून बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"खरा हाय ना ह्यो आकडा?"

"खरा आहे."

"मागल्या टायमाला बी तुमीच काढला हुता."

"म्हणूनच सांगते, काका. खरा आहे."

त्यांनी कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि कुत्रीची दोरी सैल सोडून ते दाराकडे निघाले.