आबांनी ठेवलेल्या फटी

आबा, म्हणजे माझे वडील, भीमेवर होड्या बांधतात. दौंडकडे हे काम करणारे आता बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. त्यात गेल्या वर्षी आबांच्या उजव्या हातावरून वारं गेलं. ते सावरले, पण काम येणं थांबलं. आबांचा हात गेला, असं गावानं ठरवूनच टाकलं. शेवटी मासे धरणाऱ्या माझ्या आत्यानं हट्टानं त्यांना होडी बांधायला सांगितली. ही तरंगली नाही तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी शिक्रापूरच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. केसाएवढी फट दिसली तरी माल परत पाठवते, आणि ती खोड घरीही सुटत नाही. एका उन्हाळी रविवारी अंगणात होडी उपडी होती. शोधून आणलेल्या वाकड्या बाभळीच्या बरगड्या, त्यांवर आंब्याच्या फळ्या, टोकाकडे निमुळती. देखणी. मी खाली वाकून पाहिलं तर फळ्याफळ्यांमधून ऊन दिसत होतं! लहानपणापासून होड्या पाहिल्या त्या पाण्यात. बांधताना बघायला मी थांबलेच कधी?

आबा खिळे आणायला यवतला गेले होते. त्यांची लाज झाकायची म्हणून मी सगळ्या फटी पुट्टीनं भरल्या. वाळल्यावर दगड होणारी पुट्टी.

आबांनी परत आल्यावर फळीवरून बोट फिरवलं आणि ते खालीच बसले. मी कबूल केलं. तुमचा हात गेला असं वाटलं, हेही मी बोलून गेले.

"लाकूड पानी पितंय, फुगतंय," ते म्हणाले. "त्याला जागा नको व्हय?"

मग कळलं. बांधून झाली की होडीत दगड भरून ती आठवडाभर नदीत बुडवून ठेवायची. फळ्या फुगून एकमेकींना भिडतात. फट किती ठेवायची, हेच तर आबांचं कसब होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रजा टाकून दोन दिवस पटाशीनं पुट्टी खरवडली. मग आम्ही होडी बुडवली. काठावरचे लोक हसले, आबा हसले नाहीत. आठव्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं, आणि होडी वर आली. फटी मिटल्या होत्या. फक्त पुढच्या टोकाशी, जिथं माझी पुट्टी खोल राहिली होती, तिथून थोडं पाणी झिरपत होतं. आत्यानं तिथं एक डबा ठेवला. मी होडीत बसले की पाणी उपसायला ती तो डबा माझ्याच हातात देते.

महिन्याभरात शिरूरहून, घोड नदीवर मासे धरणाऱ्या एका मामांनी होडी सांगितली. फळ्या लावायच्या दिवशी आबांनी मला बोलावून घेतलं. मी मापाचं यंत्र काढलं तर त्यांनी ते पिशवीत ठेवायला लावलं.

"माझा हात थरथरतोय," ते म्हणाले. गावासमोर त्यांनी हे कधीच मानलं नव्हतं. "ह्या बारीला फट तू धर."

मी दोन फळ्यांमध्ये अंगठ्याचं नख उभं धरलं. आबांनी खिळा ठोकला.