वाटी गिळलीस काय माझी?

इंदूकाकू गेल्याचं मला शाळेच्या ऑफिसातल्या फोनवर कळलं. पलीकडून त्यांची लेक लता बोलत होती. "बाई, आई गेली. पहाटे... तुम्हाला कळवावं म्हटलं." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. बरं काय बरं? तशीच तिसरीच्या वर्गावर गेले, तर पोरींनी रोजच्यासारखं कपाटातनं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. 'वाटी निघाली'. सोळा पानं, रंगीत चित्रं, कोपरे हाताळून मऊ झालेले. हे पुस्तक काकूंनीच लिहिलेलं, चित्रंही त्यांचीच. त्या दिवशी मी ते वाचून दाखवलं नाही. पोरींना पाढे म्हणायला लावले.

पंधरा दिवसांनी कोल्हापुरात शोकसभा झाली. मोठी माणसं बोलली. "मुलांना शेजारधर्म शिकवणारी माऊली," असं एकजण म्हणाले, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. मी मागच्या खुर्चीवर होते. मला कुणी बोलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी जमलं नसतं, कारण गेलेल्या माणसाबद्दल सभेत गोडच बोलावं लागतं. लिहिताना मात्र खरं लिहिता येतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ते शिक्षण मी खोटं लिहिण्यात घालवणार नाही.

आम्ही शाहूवाडीकडचे. नव्वदच्या आसपास वडलांना शिपायाची नोकरी लागली आणि कोल्हापुरात एका बोळातली शेवटची खोली आम्हाला भाड्यानं मिळाली. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. बोळात सहा घरं. तोंडाशी इंदूकाकू, मधे शिंप्याची पुष्पा, अत्तारांची चाची, आणखी दोन घरं, आणि टोकाला आम्ही. आम्ही बौद्ध. तोंडानं कुणी विचारलं नाही, पण सामान लावताना आईनं पहिली बुद्धाची तसबीर भिंतीवर टांगली आणि दार दिवसभर उघडं होतं... कळलंच की सगळ्यांना. काकू सातवी शिकलेल्या. नवरा छापखान्यात, तो कापून उरलेला जाड कागद घरी आणायचा आणि काकू दुपारी उंबऱ्यात बसून शाळेच्या रंगपेटीतनं चित्रं काढायच्या. हात असा, की चाचीची शेळी कागदावर बघून खऱ्या शेळीनं तोंड घातलं असतं. काही गोड केलं की काकू स्टीलच्या वाट्या झाकण घालून घरोघर पाठवायच्या. भांडीवाल्याकडून प्रत्येक वाटीवर टोचून नाव घातलेलं, 'सौ. इंदुमती'. वाटी रिकामी परत करायची नाही हा बोळाचा कायदा. आणि दोन दिवसांत आली नाही, की काकू कमरेवर हात ठेवून बोळात उभ्या राहायच्या.

"ए पुष्पे! वाटी गिळलीस काय माझी?"

"व्हय, गिळली! पचली बी! दुसरी पाठवा!" आतनं पुष्पा ओरडायची, आणि अख्खा बोळ हसायचा. चाचीला तर काकू म्हणायच्या, "चाचे, तुझ्या पोटात माझा अर्धा संसार हाय." मला मात्र त्या कधी अशा ओरडल्या नाहीत. मी 'सुजाता बाळ'. "सुजाता बाळ, अभ्यास कसा चाललाय?" आई खूश. म्हणायची, "बघ, शिकलेल्या पोरीला मान असतोय." मीही खूश होते, कबूल करते.

आमच्याकडे खीर यायची ती द्रोणात. खपली गव्हाची खीर, गूळ आणि खोबरं घातलेली. पहिल्या वर्षी मला काहीच वाटलं नाही. पण द्रोणातनं खीर गळते. काकूंच्या उंबऱ्यातनं मी तो दोन्ही हातांत धरून बोळातनं चालायची, आणि गुळाचा ओघळ मनगटावरनं कोपरापर्यंत यायचा. एकदा पुष्पाच्या दारातनं जाताना तिच्या हातातली झाकणाची वाटी दिसली, आणि मी जागीच थांबले. द्रोण परत करायचा नसतो. द्रोण दिला, की आमच्या घरातनं काही उलट यायचा प्रश्नच नाही. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "मायाळू हाय बाई. भांडं घासायचं कष्ट बी देत न्हाय आपल्याला." ते हसणं अजून माझ्या कानात आहे. तिला माझ्या कितीतरी आधी कळलं होतं.

त्याच सुमारास काकूंनी पुस्तक करायला घेतलं. शब्द त्यांचे, ऱ्हस्वदीर्घ माझे. रोज संध्याकाळी मी त्यांच्या उंबऱ्यावर बसून एकेक ओळ तपासायची. एका घरातनं वाटी निघते, शेजारी खीर पोचवते, तिथनं चटणी घेऊन पुढं जाते, चाचीकडचा शिरखुर्मा घेऊन आणखी पुढं, आणि सगळा बोळ फिरून भरलेली घरी येते. चित्रं मी छापून आल्यावर बघितली. पुष्पाचं मशीन होतं, चाचीची शेळी होती, काकूंचं निळं दार होतं, नळाची गळकी तोटीसुद्धा होती. मोजली तर घरं पाच. बोळाच्या टोकाला, आमच्या खोलीच्या जागी, पारिजातकाचं झाड. फुलं इतकी सुंदर, की एकेक वेचावी. पुस्तकात माझं शुद्धलेखन होतं, घर नव्हतं.

"काकू, आमची खोली कुठाय?"

त्या गडबडल्या. "अगं बाळ, पानात बसली न्हाय बघ."

झाड बसलं. खोली बसली नाही.

पुस्तक शाळाशाळांतनं गेलं. मी मास्तरीण झाले आणि मीच ते वर्गात वाचून दाखवायला लागले, कारण पुस्तक चांगलंच होतं. हा राग वेगळा, पुस्तक चांगलं असणं वेगळं. दहाएक वर्षांनी नवी आवृत्ती निघायची होती. काकू थकल्या होत्या. एक दिवस बोळात माझा हात धरून म्हणाल्या, "सुजाता बाळ, ह्या वेळी तुझं घर घालू काय गं?" मला वाटतं, ते विचारायला त्यांना दहा वर्षं लागली. आणि मी काय म्हणाले? "आधी वाटी पाठवा काकू. मग चित्र काढा."

दुसऱ्याच दिवशी आल्या. स्वतः, काठी टेकत. झाकणाची वाटी, आत खीर. आमच्या दारापर्यंत त्या पहिल्यांदा आल्या होत्या. आईनं ती वाटी कितीतरी वेळ खालीच ठेवली नाही. खीर खाल्ली, वाटी घासली, आणि मग आमच्या दोघींची जुंपली.

"साखर घाल तिच्यात," आई म्हणाली. "साखर कोण बी घेतंय."

"साखर न्हाय. भोपळ्याच्या घाऱ्या कर. तुझ्या हातच्या."

"आणि टाकून दिल्या तर?"

साखर पाठवायची नाही हा माझा हट्ट, घाऱ्या पाठवायच्या नाहीत हे आईचं भ्या. वाटी मांडणीवर राहिली. मी वाट बघत होते. काकूंनी एकदा, फक्त एकदा, आमच्या दारासमोर कमरेवर हात ठेवून ओरडावं, मी तशीच घाऱ्या भरून धावले असते. त्या ओरडल्या नाहीत. दिसल्या की तब्येत विचारायच्या. नवी आवृत्ती आली. झाड गेलं होतं, आमची खोली होती, छपरावरचा फुटका पत्रासुद्धा हुबेहूब. पण दार बंद. वर्गातली एक पोरगी म्हणाली, "बाई, ह्या घरातली माणसं गावाला गेल्यात व्हय?"

मी "व्हय" म्हणाले.

पुढं माझी बदली वारणेकडं झाली. आई गेली. सामानाबरोबर वाटीही आली. शोकसभेनंतर एका रविवारी मी घाऱ्या केल्या. आईसारख्या फुगल्या नाहीत. वाटी भरली, झाकण लावलं आणि एस.टी.नं कोल्हापूर गाठलं. लतानं दार उघडलं.

"अय्या, आईची वाटी! कुठं होती ही?"

"माझ्याकडं. सहा वर्षं."

तिनं हात पुढं केला नाही. "राहू दे की बाई तुमच्याकडंच. आईची आठवण म्हणून."

"रिकामी नाही गं. घाऱ्या आहेत."

"अहो... आमच्यात आता गोड कुणी खात नाही. डॉक्टरांनी बंद केलंय सगळ्यांचं."

मग तिनं चहा दिला. चांगला गोड होता.

घाऱ्या मी परतीच्या एस.टी.त खाल्ल्या, एकेक करून, सगळ्या. वाटी आता इकडं कॉलनीत फिरते. वरच्या मजल्यावरच्या शोभाकडं जाते आणि तिथंच अडकते. मग मी जिन्यात उभी राहून कमरेवर हात ठेवते आणि ओरडते, "ए शोभे, वाटी गिळलीस काय माझी?" वरनं तीही काहीबाही ओरडते, आणि मग शेंगदाण्याची चटणी नाहीतर दोन करंज्या घेऊन वाटी खाली येते. घासताना टोचलेलं नाव बोटाला लागतं. इंदूकाकूंनी मला शेवटपर्यंत 'सुजाता बाळ'च म्हटलं.