आवाज न करणारं हत्यार

मोबाईलवरून मागवलेला पहिला संच पंधरा नगांचा होता आणि त्यातला एकही धड नव्हता. सोबत पारदर्शक प्लास्टिकचं एक कुलूप फुकट. शिरूरला मी ज्या खोलीत भाड्यानं राहते तिथवर यायचे कष्ट कुरिअरवाला घेत नाही. चौकातल्या मोबाईलच्या दुकानात पार्सल टाकतो आणि फोन करून मोकळा होतो. आत काय आहे ते पार्सलवर ठळक छापलेलं. दुकानदारानं बसलेल्या सगळ्यांना ते वाचून दाखवलं असणार, कारण मी गेल्या गेल्या एक जण म्हणाला, "ताई, आमचं शटर सोडून बाकी कुठलंबी उघडा." सगळे हसले. मीही हसले, पण खोलीवर पोचेपर्यंत डोकं तापलं होतं. विणकामाच्या सुया मागवल्या असत्या तर कुणाला काही सुचलं नसतं.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्यांचीच बोलणी खायची, हे काम. कुलपं किल्लीवाचून उघडायचा नाद मला व्हिडिओ बघून लागला. शिफ्टवरून आल्यावर डोकं शांत करायला काहीतरी हवं होतं. स्वतः विकत घेतलेलं कुलूप, स्वतःची खोली, यात कुणाचं काय जातंय?

पण तो संच, कुलपात घालायच्या बारीक आकड्यांचा! जाडी छापलेली एक, मायक्रोमीटरवर आलेली दुसरी, आणि प्रत्येक नगाची निराळी. कडांना बर तसाच, म्हणजे कापलेल्या धातूची कुसळं काढायचीसुद्धा तसदी घेतलेली नाही. पोलाद इतकं मऊ की तिसऱ्या दिवशी एक आकडा वाकला आणि चौथ्या दिवशी दुसऱ्याचं टोक कुलपातच तुटून राहिलं. असला माल माझ्या टेबलावर आला असता तर मी आल्या पावली परत धाडला असता.

मग मी शहाणी झाले. हौशी लोकांच्या एका ग्रुपवर महिनाभर नुसतं वाचत बसले. पंधरा नग लागतच नाहीत, तीन चांगले आकडे पुरतात. खरं महत्त्व असतं ते कुलूप फिरवायला ताण देणाऱ्या साध्या पट्टीला, जिच्याकडे नवखा माणूस ढुंकून बघत नाही. पोलाद स्प्रिंगचं हवं, आणि मूठ जाड नको, कारण आतली पिन हलली की ते बोटाला कळलं पाहिजे. शेवटी बंगळुरूच्या एका माणसानं हातानं घासून केलेले तीन आकडे आणि दोन पट्ट्या मी घेतल्या. कशाला हवंय, असं त्यानं आधी विचारलं. हौस, म्हटलं. मी उघडलेल्या कुलपाचा फोटो त्यानं मागून घेतला, मगच सामान पाठवलं. ते कातडी पाकीट उघडताना मला एखादीला दागिना बघून होतो तसा आनंद झाला. कबूल करते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडला एकटे राहतात. सगळी नोकरी रेल्वेच्या स्टोअरमध्ये झाली, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. आई गेल्यावर ते हळूहळू विसरायला लागले, आणि जसे विसरायला लागले तशी घरात कुलपं वाढली. कपाटाला कुलूप, मोरीला कुलूप, पिठाच्या डब्याला साखळी घालून कुलूप. किल्ली कुठं आहे विचारलं तर म्हणायचे, "कसली किल्ली?"

एकदा स्वयंपाकाच्या मावशींनी पिठाच्या डब्याचं कुलूप शेजाऱ्याकडून करवतीनं कापून घेतलं. पीठच नाही तर भाकरी कशाची करणार, त्यांचंही काही चुकलं नाही. पण ते तुटकं कुलूप बघून आप्पा दोन दिवस काठी घेऊन दारात बसले. जेवले नाहीत. घरात चोर शिरलाय म्हणून रडत होते. मी त्यांना आईच्या मयतीतही रडताना पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांची साखर वाढत चालली. डॉक्टर मला म्हणाले, गोळ्या पोटात जात नाहीयेत; असंच चाललं तर आधी पाय जाईल, मग डोळे. मावशी शपथेवर सांगत होत्या की त्या रोज गोळी हातावर ठेवतात.

"आतल्या खोलीतल्या पेटीत टाकत्यात बघा," त्या म्हणाल्या. "भाकरीबी ताटातली अर्धी उचलून ठिवत्यात. म्या इचारलं तर अंगावर येत्यात."

पेटी लोखंडी, तिला जुनं पितळी कुलूप. किल्लीसाठी मी आणि मावशींनी मिळून घर पालथं घातलं, अगदी तांदळाचा डबासुद्धा उपसला. नाही मिळाली. आत काय आहे ते मला बघायचं होतं, आणि कुलूप तोडायचं नव्हतं. तुटलेलं कुलूप त्यांना दिसलं की काय होतं ते मी एकदा पाहिलं होतं.

माझी सुट्टी गुरुवारी. स्कूटी काढली आणि न्हावरे, चौफुला, पाटस करत, उसाच्या ट्रॉल्यांमागचा धूर खात दौंड गाठलं. आप्पा अंघोळीला गेल्यावर मी ते कातडी पाकीट काढून पेटीसमोर बसले आणि टॉर्च लावून कुलपाच्या तोंडात बघितलं. आत पिना नव्हत्याच. ते लिव्हरचं कुलूप होतं, एकावर एक रचलेल्या पट्ट्यांचं, माझे आकडे तिथं बिनकामाचे. आपल्याकडे कितीतरी घरांना हीच जुनी कुलपं असतात. आठ महिने मी परदेशी व्हिडिओ बघून परदेशी कुलपांची हत्यारं पारखत बसले होते, आणि जिच्यावर बसून शाळेचा अभ्यास केला त्या पेटीच्या कुलपात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. स्वतःला चार शिव्या घातल्या आणि पाकीट बंद केलं.

स्टेशनच्या रस्त्याला एक म्हातारे चावीवाले छत्री लावून बसतात. त्यांना कुलपाचा फोटो दाखवला.

"मामा, याचं हत्यार विकत द्याल का?"

"हत्यार न्हाई इकत म्या. घरी येतो, उघडून देतो. पन् ज्याची पेटी त्यो समोर उभा पायजे."

"वडिलांची आहे. ते विसरतात हो सगळं. कुणी पेटीला हात लावलेला पाहिला की घाबरतात."

"मंग न्हाई जमायचं, ताई. घाबरणाऱ्या मानसाचं कुलूप म्या न्हाई काढत."

नाही म्हणाले तरी त्यांची हत्यारं समोरच्या पत्र्याच्या डब्यात उघडी पडली होती, आणि माझी नजर मापाची आहे. कंपनीच्या टूलरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत स्प्रिंगची तार घेऊन बसले. पहिला तुकडा मऊ राहिला. दुसरा कडक करायला गेले तर तडकला. तिसरा जमला. तो मी बारीक पॉलिश पेपरनं इतका घासला की धातूवर धातू फिरला तरी आवाज येऊ नये. मग स्वतःसाठी तसलंच जुनं कुलूप आणून त्यावर आठवडाभर हात बसवला. बंगळुरूच्या माणसालाही फोटो पाठवावा इतकं ते हत्यार सुरेख झालं होतं. मला त्याचा अभिमान वाटत होता, आणि त्याच अभिमानाची आज लाज वाटते.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी जेवून आप्पा पुढच्या खोलीत झोपले. त्यांचं घोरणं ऐकू यायला लागल्यावर मी आत गेले. कुलूप मिनिटाच्या आत सुटलं. आवाज झाला नाही. झाकण उचललं तर आंबूस वासाचा भपकारा आला.

वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या भाकऱ्या, हिरव्या पडलेल्या. काळी ठिक्कर केळी. दिवाळीत मावशींनी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा, तसाच भरलेला. मुंग्यांची रांग लागली होती. आणि त्या सगळ्याखाली गोळ्या, काही पाकिटात, काही कागदाच्या पुडीत. डॉक्टरांना दाखवायला फोटो काढावा म्हणून मी मोबाईल शोधत होते, तेवढ्यात मागं चाहूल लागली.

आप्पा दारात उभे होते. काठी नव्हती हातात. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि हात जोडले.

"बाई," ते म्हणाले, "कपाटातलं काय पायजे त्ये घ्या. म्या कुनाला सांगत न्हाई. पन् या पेटीला हात लावू नगा. माझी लेक येती सुट्टीला. लांब कंपनीत हाय. हातानं करून खाती, कवा उपाशीबी ऱ्हाती. तिच्यासाठी ठिवलंय त्यात."

मी "आप्पा" म्हटलं. ते आणखी मागं सरकले, भिंतीला टेकले. हात जोडलेलेच. मग मी झाकण लावलं, कुलूप दाबून बसवलं, पर्स उचलली आणि त्यांच्या अंगाला अंग लागू न देता पुढच्या दारानं बाहेर पडले. मागं कडी लागली, मग अडसर.

पायरीवर बसून मी रडले. शेजारची बाई डोकावली आणि परत गेली. माझ्या बापाला मी घाबरवलं होतं, तेही त्यांच्याच घरात, भर दुपारी. अर्ध्या तासानं तोंड पुसलं आणि कडी वाजवली.

"कोन हाय?"

"मी आहे, आप्पा."

अडसर निघाला. त्यांचा चेहरा उजळला होता. "आलीस व्हय? आगं, मगाशी चोरटी शिरली हुती घरात. बाईमानूस."

"कशी होती?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"तुझ्याच वयाची आसंल. चांगल्या घरची दिसत हुती. पन् कुलूप काढलं तवा आवाज म्हनून न्हाई झाला. लई तयार हात." मग त्यांनी दार पुन्हा लावून घेतलं आणि माझं मनगट धरून मला आत नेलं. सदरा वर केला. कमरेच्या करदोट्याला किल्ली बांधलेली होती. उकिडवे बसून त्यांनी स्वतःच्या हातानं पेटी उघडली, डबा काढला आणि एक लाडू माझ्या तळहातावर ठेवला.

"खा. वाळलीस किती."

लाडू खवट झाला होता आणि त्याला बुरशीचा वास येत होता. मी तो सगळा खाल्ला. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि संपल्यावर त्यांनी दुसरा काढला.